घरमालकांनो, एक रात्र त्या खोलीत झोपून बघा

यंदा दिवाळीत घर पाहुण्यांनी भरले होते. रात्रीची जेवणे उरकून ओट्यावर पानसुपारी चालू असताना विषय निघाला भाडेकरूंचा. आमच्या नात्यात घरमालक पुष्कळ. लातूरला कोणाच्या आठ खोल्या, सोलापूरला एकाचा जुना वाडा, पुण्यात कोणाचे दोन फ्लॅट. आणि इथे धाराशिवला (ज्यांच्या तोंडी अजून उस्मानाबादच येते त्यांच्यासाठी, उस्मानाबादला) माझ्या पत्र्याच्या तीन खोल्या. मी सहज म्हणालो, "पाऊस सरला, आता थंडी पडायच्या आत खोल्यांची कामे उरकून घ्यावी म्हणतो."

त्यावर आमचे साडू हसले. म्हणाले, "अहो अण्णा, तुम्ही लाड करता भाडेकरूंचे. तुमचे बघून बाकीच्यांचे शेफारतात. थंडी वाजत असेल तर रग घ्यावा की त्यांनी. आपले काम भाडे घ्यायचे. परवडत नसेल तर दुसरीकडे बघ म्हणावं."

सगळे हसले. मीही हसलो. दिवाळीच्या दिवशी पाहुण्यांशी वाद कशाला? पण रात्री झोप येईना, आणि ती त्यांच्या बोलण्यामुळे नव्हे, माझ्या हसण्यामुळे. कारण मला जे माहीत आहे ते माहीत असताना मी हसायला नको होते. म्हणून आज हे लिहितो आहे. साडूंनी वाचावे, लातूरकरांनी वाचावे, पुणेकरांनी वाचावे. राग आला तर फोन करावा. नंबर तोच आहे.

आधी माझे पाप सांगतो. दुसऱ्याचा कान धरण्याआधी स्वतःचा धरावा, असे वर्गात चौतीस वर्षे सांगत आलो.

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती तेव्हा, २००६ साली, घरामागच्या मोकळ्या जागेत या तीन खोल्या काढल्या. पेन्शनला जोड म्हणून. विटांच्या भिंती, वर पत्रे, पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड. आपल्याकडे सगळे करतात तसेच. गावाकडची मुले शिकायला, भरतीच्या तयारीला येतात, त्यामुळे खोली कधी रिकामी राहिली नाही. सध्या दोन खोल्यांत चार मुले आहेत, परंडा, भूम, वाशी भागातली. पोलीस भरतीची तयारी करतात. पहाटे पाचला मैदानावर पळायला जातात. तिसऱ्या खोलीत एक कुटुंब. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, बायको शिलाई मशीन चालवते, एक लहान लेकरू आणि नवऱ्याची म्हातारी आई. एका खोलीचे भाडे अडीच हजार रुपये.

तिन्ही दारांच्या आत मी एक पाटी लावली होती. "खोलीत हीटर, शेगडी, इस्त्री वापरू नये. आढळल्यास खोली खाली करावी लागेल." खाली सही. अक्षर चांगले, शुद्धलेखन निर्दोष. मला त्या पाटीचा अभिमानच होता म्हणा ना.

जानेवारी २०२४ चा पहिला आठवडा. येळवस तोंडावर आलेली. सकाळी साडेसहाच्या सुमारास मागून बादली आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ओरडा. धावत गेलो तर मोरीत एक पोरगा आडवा पडलेला, दुसऱ्याने धावत जाऊन बटण बंद केलेले. पोराच्या दोन बोटांची कातडी भाजली होती. ओठ पांढरे. शुद्धीवर होता, पण बोलता येत नव्हते. दवाखान्यात नेले. दिवसभर ठेवून घेतले आणि संध्याकाळी सोडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला.

परत येऊन मी ती जागा पाहिली. पाणी तापवायचा रॉड पत्र्याच्या बादलीत. रॉडच्या जाड पिना खोलीतल्या साध्या सॉकेटमध्ये बसत नव्हत्या, म्हणून पोरांनी प्लग कापून टाकला होता, वायरीची टोके सोलली होती आणि ती भोकांत घालून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या होत्या. हे सगळे दाराआड, आवाज न करता, रोज सकाळी. मी बोर्ड उघडून घेतला. तिसऱ्या, वरच्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग नावाची गोष्ट माझ्या तिन्ही खोल्यांत अठरा वर्षे अस्तित्वातच नव्हती! मला आठवले, २००६ साली वायरमनला मी विचारले होते. तो म्हणाला होता, "सर, लाईट लागतो ना? मग झालं." आणि मीही म्हणालो होतो, झालं.

दवाखान्यात पोराचे पहिले शब्द काय होते सांगू? "सर, खोली खाली करायला लावू नका."

विजेने फेकले गेलेले पोर. त्याला विजेपेक्षा माझ्या पाटीची भीती जास्त होती.

त्या दिवशी पाटी काढून टाकली. पण एवढ्याने मन शांत होईना. येळवस झाली, मुले गावाकडून परतायची होती, एक खोली मोकळी होती. संक्रांतीला दोनतीन दिवस होते. सौ.ला म्हणालो, आज मी मागच्या खोलीत झोपतो. तिला वाटले भांडणाचा राग आहे. (भांडण झाले होते, पण ते वेगळ्या कारणाने.)

आमच्या झोपायच्या खोलीत त्या रात्री थर्मामीटरवर २० अंश होते. स्लॅबचे घर, जाड भिंती, दारे खिडक्या घट्ट. पंधरा पावलांवरच्या खोलीत रात्री दोन वाजता १३. आपले गाव बालाघाटावर आहे, थंडीला वारा असतो. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये जी चार बोटांची फट असते ना, तिच्यातून तो वारा थेट डोक्यावर येतो. दोन वाकळी आणि एक रग घेऊनही पाय गरम होईनात. पहाटे चारला तोंडावर पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा. जानेवारीत पाऊस कुठला? बॅटरी लावून बघितले तर पत्र्याला आतून घाम फुटलेला. आपल्याच श्वासाची वाफ थंड पत्र्याला लागून तिचे पाणी होते आणि ते परत आपल्याच अंगावर गळते. अठरा वर्षे भाडे घेतले आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

पहाटे बाहेर आलो तेव्हा शेजारच्या खोलीतली म्हातारी दारात राख टाकत होती. घमेल्यातली. मी विचारले, हे घमेले रात्री कुठे होते? तर आत. आत डोकावलो. चारी बाजूंच्या फटीत पोत्यांचे बोळे कोंबलेले. खिडकीला प्लॅस्टिक. मधोमध निखाऱ्याची जागा काळी पडलेली. "गुर्जी, लेकरू गारठतंय की रातीला. शेक नको का त्याला?" म्हातारी म्हणाली. तिला काय उत्तर देणार?

आता यामागची गोष्ट जरा समजून घ्या. कारण घरमालक म्हणतात, पत्र्याच्या खोल्या काय आम्ही हौसेने बांधल्या? खरे आहे. आपल्या भागात घरे अशी नव्हतीच. माळवदाची घरे होती. दगडामातीच्या दोनदोन हात रुंदीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. धूर जायला छताला साणे, म्हणजे झरोका ठेवलेला. चूल घरात असली तरी धुराला वाट होती. मी १९६८ साली इथे शिकायला आलो तेव्हा अशाच एका माळवदाच्या खोलीत राहिलो. थंडी मला आठवतच नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती बोळवून लोक झोपले होते. चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यात औसा आणि आपल्या जिल्ह्यात उमरगा, लोहारा भागात, सास्तूरसारख्या गावांत, लोक ज्या मायेच्या छपराखाली झोपले होते तेच त्यांच्यावर कोसळले. हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या त्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावरचे ते मातीचे ओझे, यांनीच घात केला. त्यानंतर आपल्याकडचा माणूस माळवदाखाली झोपायला धजेना. पत्रा हलका, पडला तरी जीव वाचेल, म्हणून पत्रा आला. त्यात चूक काहीच नव्हती.

पण भूकंपाच्या भीतीने आलेला पत्रा आपण स्वस्त म्हणून ठेवला, हे कबूल करा. स्वतःसाठी स्लॅब टाकला, भाडेकरूसाठी पत्रा ठेवला. माळवदाबरोबर ऊब गेली, साणे गेले, आणि त्यांच्या जागी आपण काहीही दिले नाही. फक्त पाटी लावली.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते साडूंच्या रगाला उत्तर आहे. आपल्या जिल्ह्यात थंडीने माणूस मरत नाही. थंडीवरच्या घरगुती इलाजाने मरतो. खोली थंड ठेवायची, पाणी तापवायची सोय द्यायची नाही आणि वर बंदी घालायची, याने इलाज थांबत नाहीत. ते दाराआड जातात. हीटर वापरू नका म्हटले की हीटर बंद होत नाही, काड्या ठोकून चालतो. शेगडी नको म्हटले की शेगडी अंगणातून आत येते आणि खिडकीला प्लॅस्टिक लागते. बंदी घालणारा घरमालक धोका कमी करत नाही, धोक्यावरची नजर कमी करतो. आणि उद्या काही झाले तर म्हणायला मोकळा, मी तर पाटी लावली होती.

निखाऱ्यांचे सांगतो, कारण आपल्याकडे अजून पुष्कळांना हे कळलेले नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे आपण समजतो. उलटे आहे. कोळसा, लाकूड किंवा गॅस पुरेशी हवा न मिळता जळला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. माणसाला डोके जड वाटते, मळमळते, गुंगी येते आणि झोपेत असला तर तेही कळत नाही. म्हातारी जाणत नव्हती. पण मी तर अठरा वर्षे मालक होतो, माझे ते काम होते.

पुणेकरांनी इथे हसू नये. तुमच्या फ्लॅटमध्ये घमेले नसेल, गॅस गिझर आहे. छोटीशी बाथरूम, झडप बंद, थंडी म्हणून दाराखाली टॉवेल, आणि आत भिंतीवर गॅस गिझर पेटलेला. तीच गोष्ट झाली. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा बातम्या पेपरात येतात. गॅसची गळती वासाने कळते, कारण त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. जळल्यानंतरच्या विषाला तो वास नसतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत असला पाहिजे आणि फक्त पाण्याची नळी आत आली पाहिजे. ही भिंत तुमची आहे, गिझर बहुधा तुम्हीच लावला आहे, तर तो बाहेर काढणेही तुमचेच काम. भाडेकरू भिंतीला भोक पाडू शकत नाही. पाडले तर तुम्हीच डिपॉझिट कापाल.

आता पैशाचे बोलू, कारण शेवटी गाडी तिथेच येते. "रॉड लावला की बिल येते किती!" असे घरमालक म्हणतात. किती येते? कधी हिशेब केला आहे? दीड हजार वॉटचा रॉड वीस मिनिटे चालला तर अर्धा युनिट. दहा रुपये युनिट धरा, पाच रुपये झाले. माझ्याकडची चार मुले, रोज चार बादल्या, वीस रुपये. थंडीचे तीन महिने, नव्वद दिवस, अठराशे रुपये. माझे तिन्ही खोल्यांचे वर्षाचे भाडे नव्वद हजार. अठराशे रुपये वाचवायला मी ती पाटी लावली होती! आणि मुले तेवढे पैसे आनंदाने द्यायला तयार होती. कोणी विचारलेच नव्हते. प्रत्येक खोलीला वेगळे सबमीटर लावले की भांडणच मिटते.

कायद्याचेही थोडे. मी वकील नाही, पण वाचता येते. आपल्या मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याच्या काळातला १९५४ चा घरभाडे कायदा होता. त्याजागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून आला. त्याच्या कलम १४ मध्ये सरळ लिहिले आहे की वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. कलम २९ सांगते की भाडेकरूचे पाणी, वीज योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही. रागाच्या भरात फ्यूज काढून ठेवणारे घरमालक माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावे. तो गुन्हा आहे. आणि कलम ५५ म्हणते की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, मालकाने ते खोडून काढेपर्यंत.

पण हेही खरे की परंड्याकडून आलेले एकोणीस वर्षांचे पोर मला नोटीस देणार नाही. ते खोली बदलेल, किंवा काड्या ठोकेल. कायदा भाडेकरूच्या हातात दिला आहे आणि ते हात बांधलेले आहेत. म्हणूनच ही गोष्ट मालकांना सांगावी लागते.

माझी एक भाची न्यूयॉर्कला भाड्याने राहते. मागे तिला फोनवर हा सगळा प्रकार सांगितला तर तिने तिकडचा नियम सांगितला. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा तिथे घर गरम ठेवायचा काळ. दिवसा बाहेर ५५ फॅरनहाईटच्या खाली गेले की घरात किमान ६८ हवे, म्हणजे आपले २० अंश. रात्री बाहेर काहीही असो, आत ६२ हवे, साधारण १७ अंश. ही जबाबदारी घरमालकाची. विषारी वायूची सूचना देणारे यंत्रही घरमालकानेच बसवायचे. मी तिला म्हणालो, म्हणजे माझी खोली तिकडे नापास. ती म्हणाली, "मामा, नुसती नापास नाही, तुला दंड झाला असता." न्यूयॉर्कची थंडी वेगळी, तिथला पैसा वेगळा, हे मला कळते. मी काही पत्र्याच्या खोलीत बॉयलर बसवा म्हणत नाही. पण थंडी हा भाडेकरूचा खासगी प्रश्न नसून घराचा गुण आहे आणि घर मालकाचे आहे, एवढे तत्त्व तरी घ्यायला काय हरकत आहे? त्याला काही डॉलर लागत नाहीत.

"आम्हीही असेच शिकलो, काही बिघडले नाही आमचे." हे वाक्य आमच्या पिढीचे लाडके आहे. पण आपण असे शिकलो नाही हो! मी माळवदाखाली शिकलो. मालकीणबाई पहाटे अंगणात बंब पेटवत. तुराट्या, पऱ्हाट्या जळत, धूर वर आकाशात जाई, आणि आम्हा तिघा मुलांना रोज एकेक बादली कढत पाणी मिळे. भाडे महिना पाच रुपये. त्या बाईंना लिहिता वाचता येत नव्हते, त्यामुळे पाटी लावायचा प्रश्नच नव्हता. आपण जे उबदार पाणी घेऊन शिकलो ते विसरायचे आणि हालच तेवढे आठवायचे, ही स्मरणशक्ती मोठी सोयीची आहे.

"मुले खोलीची वाट लावतात." लावतात. माझ्याकडच्यांनी एकदा मोरीचे भोक भाताने तुंबवले होते. पण तिसऱ्या भोकातली वायर त्यांनी काढली नव्हती, ती मी घातलीच नव्हती. खोली खराब करणे हा भाडेकरूचा दोष, खोली धोक्याची असणे हा मालकाचा. पहिल्याचे निमित्त करून दुसरा झाकू नये.

"मग भाडे वाढवावे लागेल." वाढवा. थोडे. मी खोलीमागे शंभर रुपये वाढवले, चौघांपैकी एकानेही कुरकुर केली नाही. उलट विचारले, "सर, एवढंच?"

आता मी काय केले ते सांगतो, म्हणजे नुसता उपदेश नको. सगळी कामे मिळून तीस हजारांच्या आत झाली, म्हणजे चार महिन्यांचे भाडे. दोन हिवाळ्यांत मिळून केली.

पहिले काम अर्थिंगचे. खड्डा घेतला, पट्टी पुरली, मीठ-कोळसा घातला, आणि प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या भोकापर्यंत वायर नेली. त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे लागते, कारण माती कोरडी पडली की अर्थिंग नावापुरते उरते. आपल्याकडे पाऊस गेला की माती कोरडीच. मी दर अमावस्येला ओततो, म्हणजे विसरत नाही.

दुसरे, मेन स्विचजवळ ईएलसीबी बसवला. बरेच जण म्हणतात, आमच्याकडे एमसीबी आहे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. शरीरातून वीज जमिनीत जाऊ लागली की क्षणात पुरवठा तोडतो तो ईएलसीबी. त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेले बघून घ्या. बटण दाबून तो महिन्यातून एकदा तपासायचा असतो.

तिसरे, मोरीबाहेर उंचावर एक जाड वायरीचे मोठे सॉकेट, १६ अँपिअरचे. म्हणजे काड्या ठोकायची गरजच नाही. आणि प्लॅस्टिकच्या चार बादल्या मीच आणून दिल्या. रॉड बंद केल्याशिवाय पाण्यात बोट घालायचे नाही, हे प्रत्येकाकडून तीनदा म्हणवून घेतले. जुनी सवय.

चौथे, माळ्यावर पडलेला तांब्याचा बंब काढून, झाळून अंगणात मांडला. आता रॉडही फारसा लागत नाही. बंब पेटवायची पाळी मुलांनी आपसात लावली आहे, तुराट्या गावाकडून येतात. म्हातारी पहाटे तिथेच लेकराला घेऊन शेकत बसते. घमेले आत जात नाही.

पाचवे, पत्र्याखाली सिमेंटच्या पातळ शीटचे छत घेतले. मध्ये हवा राहते, त्यामुळे आता घाम गळत नाही आणि उन्हाळ्यातही फरक पडला. फट बुजवली, पण सगळी नाही. समोरासमोरच्या भिंतींत वर जाळीची दोन भोके मुद्दाम ठेवली आहेत, आणि ती बुजवू नका हे कारणासकट सांगितले आहे. हे आजचे साणे.

सहावे, पत्र्यावरचे दगड उतरवले आणि हूक-नटबोल्टने पत्रे आवळले. हे थंडीचे काम नव्हे, पण गवंडी वर चढलाच होता. वादळात पत्र्यावरचा दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

ही कामे दसरा ते येळवस या काळात करावीत. पाऊस नुकताच गेलेला असतो, कुठे गळले, कुठे ओल आली ते भाडेकरूला तोंडपाठ असते. त्याला हाताशी धरून खोलीतून एक चक्कर मारा. मे महिन्यात विचाराल तर तोही विसरलेला असतो आणि तुम्हीही. आणि दिवाळीला स्वतःच्या घराला रंग देताना उरलेला डबा मागच्या खोलीला मारून "मेंटेनन्स केला" म्हणू नका. मी म्हणत होतो.

तो पोरगा आता पुन्हा पळतो. एका बोटाचे टोक अजून सुन्न आहे म्हणतो. भरतीत त्याने अडचण येईल का, असे मला विचारत होता. मी काय सांगणार? देवाच्या कृपेने तो विचारायला आहे, एवढेच मनात आले.

असो. फार लांबले. साडूंना एवढेच सांगायचे आहे की यंदा येळवसला सहकुटुंब या. आंबील, भज्जी, उंडे, सगळे शेतावर आहे. मुले येळवसला गावी जातात, मागची खोली मोकळी असेल, तुमची झोपायची व्यवस्था तिथे केली आहे. वाकळ देतो. सकाळी बंबाचे पाणी मिळेल.

आणि परत लातूरला गेलात की तुमच्या आठांपैकी कुठल्याही एका खोलीत एक रात्र काढा. मग मला फोन करा.